पोट्टं मंद नाही, हिशोब चुकून राहिला

नमस्कार मंडळी, मागं कुकरची शिट्टी होईल एखादी, सांभाळून घ्या.

तर परवा गावात एका बाळंतिणीकडे गेली होती, पोट्टं आठ महिन्याचं, अन् आजी पोराच्या तोंडावरच म्हणते, बाई हे बसतच नाही, शेजारचं तर सहाव्यातच टेकून बसे, हे मंदच दिसते. मी विचारलं, झालं कवा? तर कापूस वेचणीच्या दिवसात, दोन महिने आधीच, एक किलो सातशे ग्राम. आता मोजा बोटावर. आठातून दोन गेले, राहिले सहा! डॉक्टर याला करेक्टेड वय म्हणतात, दोन वर्षांपर्यंत असंच धरतात.

पण थांबा. अडीच किलोच्या आतलं सगळंच लवकर झालेलं नसते, काही लेकरं पूर्ण नऊ महिने राहूनही कमीच भरतात, मायच्या अंगात रक्त नाही, बीपी वाढलेला, नाहीतर तंबाखूचा खर्रा (हो, बायाही खातात, लाजता काऊन). त्यांचे महिने वजा करायचे नाहीत, ते मागं पडलं तर सरळ दाखवायचं.

आता डोक्याचं. शेवटच्या तीन महिन्यात मेंदू लय झपाट्यानं वाढते, ते दिवस पोटाबाहेर गेले की धोका वाढते, अन् वजन जितकं कमी तितका जास्त. बहुतेक पोट्टे चांगलेच निघतात, पण काहींचं शाळेत गेल्यावर समजते, लक्ष टिकत नाही, गणितात अडकते, कोणात मिसळत नाही, अन् मास्तर म्हणते आळशी आहे. हाणून काही होत नाही बापा.

अन् उपाय महागडा नाही. उघड्या छातीला उघडं लेकरू लावून ठेवायचं, कांगारू केअर. 1978 मध्ये कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून सुरू केलं, अन् पुढं तिथं असं ठेवलेली पोरं वीस वर्षांनी पाह्यली तर बाकीच्यांपेक्षा चिडकेपणा, धांगडधिंगा कमी होता. बापानंही लावावं, छाती त्यालाही आहे.

अजून एक, दोन किलोच्या आतलं असलं तर महिन्याच्या आत डोळे तपासा, हे लोकं विसरतेतच.

हां, ते पोट्टं. मी वाटीवर चमचा वाजवला, त्यानं मान वळवली, चमचाच ओढला अन् थेट तोंडात. आजी म्हणे, अरे देवा, आता हा चमचा घासा लागन.