दैवी दयेची जपमाळ: दुसऱ्यांसाठी मागताना

ही रोझरीची, म्हणजे कॅथलिकांच्या मरियेच्या जपाची, नेहमीचीच माळ. दहा-दहा मण्यांची पाच दशकं, प्रत्येक दशकाआधी एक मोठा मणी. दैवी दयेच्या जपमाळेसाठी वेगळी माळ लागत नाही, आणि गफलत होते ती त्यामुळेच. बोटांना जुनी सवय असते. लहान मण्यावर आपसूक ‘नमो मरिया’ ही मरियेची प्रार्थना येते. इथे ती फक्त सुरुवातीला, एकदाच.

आधी क्रुसाची खूण. मग प्रभूची प्रार्थना, ‘नमो मरिया’ आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार. मोठ्या मण्यावर येशूचं शरीर, रक्त, आत्मा आणि देवपण शाश्वत पित्याला अर्पण करायचं, आमच्या आणि साऱ्या जगाच्या पापांसाठी. लहान मण्यांवर एकच विनवणी: त्याच्या दुःखसहनाखातर आमच्यावर आणि सर्व जगावर दया कर. पाच दशकांत 50 वेळा. शेवटी पवित्र देवाचा धावा, 3 वेळा. घाई न करताही दहा मिनिटांत होते. माळ जवळ नसेल तर दोन्ही हातांची बोटं पाचदा मोजावीत.

ज्याच्यासाठी मागायचं, त्याचं नाव आधीच घ्यावं. पन्नास विनवण्यांत कुणाचंच नाव येत नाही. व्यसनात बुडालेला मुलगा, अबोला धरलेला भाऊ आणि माळ ओढणारा, सगळे एकाच रांगेत. गटप्रार्थनेत नेमकं हेच सुटतं. हेतू सांगता सांगता कुणाच्या तरी घरातलं सगळ्यांसमोर उघडं पडतं आणि प्रार्थनेच्या आडून चहाडी होते. ‘एका कुटुंबासाठी’ एवढं म्हटलं तरी पुरतं. देवाला पत्ता द्यावा लागत नाही.

मरणासन्न माणसाजवळ ही माळ आवर्जून म्हणतात. आवाज हळू, चाल संथ. त्याने उत्तर द्यावं, ओठ हलवावेत, असा आग्रह धरू नये.

ही प्रार्थना पोलिश जोगीण सिस्टर फाउस्टिना कोवाल्स्का यांच्या रोजनिशीत आहे, सप्टेंबर 1935, व्हिल्नियस (आज लिथुआनियात). शाळा जेमतेम तीन वर्षं झालेली. कॉन्व्हेंटमध्ये स्वयंपाकघर, बाग, फाटक, अशी कामं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे चित्रकार काझिमिरोव्स्की यांनी 1934 मध्ये येशूचं चित्र रंगवलं: छातीतून निघणारे दोन किरण, एक फिकट, एक लाल, पाणी आणि रक्त. चित्र पाहून फाउस्टिना रडल्या, कारण दर्शनातलं सौंदर्य त्यात उतरलं नव्हतं. त्यावर येशूकडून मिळालेलं उत्तर त्या लिहितात: चित्राची थोरवी रंगात किंवा कुंचल्यात नाही, कृपेत आहे.

चुका चर्चलाही चुकल्या नाहीत. 1959 मध्ये रोमने फाउस्टिना यांनी मांडलेल्या रूपातल्या या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली. सदोष भाषांतरं हे त्यामागचं एक कारण. बंदी उठली 1978 मध्ये. 30 एप्रिल 2000 रोजी त्या संत घोषित झाल्या.

दैवी दयेचा रविवार ईस्टरनंतरचा पहिला. त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असतो. पापनिवेदन मात्र आधीच्या दिवसांत केलेलंही चालतं. त्याच दिवशी लांबलचक रांग लावायची गरज नाही.

नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, गुड फ्रायडेला सुरू होते आणि दैवी दयेच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी संपते. रोज वेगळ्या लोकांसाठी मागायचं: पहिल्या दिवशी सारी मानवजात, विशेषतः पापी, दुसऱ्या दिवशी धर्मगुरू आणि व्रतस्थ, आठव्या दिवशी शुद्धिस्थानातले आत्मे. नववा दिवस कोमट मनाच्यांचा, म्हणजे श्रद्धा थंडावलेल्यांचा, आणि रोजनिशीनुसार येशूला सर्वांत जास्त वेदना त्यांच्याच होतात. नास्तिकांच्या नव्हे. सात-आठ दिवस नेमाने माळ ओढून यांत्रिक झालेल्या माणसाने त्या दिवशी स्वतःचं नावही घालावं.

दुपारी 3 ची वेळ येशूच्या मरणाची म्हणून खास मानतात. कामावर असाल तर क्षणभर मन तिकडे वळवलं तरी चालतं. नोव्हेनातला एखादा दिवस राहिला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांसाठी मागा आणि पुढे चला.