प पऱ्हाटीचा

नमस्कार श्रोतेहो. पहिलीचा वर्ग बरीच वर्षं माझ्याकडे होता. यवतमाळ जिल्ह्यातलं पैनगंगेकाठचं गाव. भिंतीवर तक्ता, ‘क कापसाचा’, वर बोंडं फुटलेलं झाड. एके दिवशी चित्रावर छडी ठेवून एका पोराला विचारलं, पहिलं अक्षर कोणतं? म्हणाला, "प." मी म्हटलं, चूक. पुन्हा विचारलं, पुन्हा "प." तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, तसं लेकरू खाली बसलं. आठवडाभर त्यानं तोंड उघडलं नाही.

त्याच महिन्यात केंद्रावर आसपासच्या शाळांतल्या आम्हा शिक्षकांची शिक्षण परिषद होती. प्रशिक्षणाच्या बाईंनी फळ्यावर कापसाचं झाड काढलं, खाली तेलुगू लिपीत एक अक्षर लिहिलं आणि मला उठवलं. मी म्हटलं, "क." "चूक." नीट पाहून पुन्हा "क." "चूक. बसा, सर." सगळे हसले. माझे कान तापले. पुढं अर्धा तास बाई काय बोलल्या, काही डोक्यात शिरलं नाही. शेवटी त्यांनी उलगडलं: नदीपलीकडं तेलुगूत कापसाला ‘पत्ती’ म्हणतात, अक्षर ‘प’ आहे.

प! अहो, कापसाचं झाड म्हणजे आपल्या बोलीत पऱ्हाटी, शेतात उभी असते ती. पोरानं पऱ्हाटी पाहिली, प म्हटलं. त्याचं चुकलं कुठं?

२०२०च्या शैक्षणिक धोरणानं शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण सांगितलं आहे. हवंच ते. फक्त त्यातले काही तास शिक्षकाला पहिलीच्या सतरंजीवर बसवा, न येणारी लिपी वाचायला लावा. आधी लेकराची बोली, मग अक्षर. पुन्हा सांगतो, आधी बोली, मग अक्षर. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी. तिथं तर याशिवाय पाऊलच पुढं पडत नाही.

 

हां, तर परिषदेच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या त्या चित्राखाली खडूनं मोठा ‘प’ काढला, म्हटलं, "पऱ्हाटी." पोरगं उठलं, अक्षरावर बोट फिरवलं आणि थेट दाराबाहेर गेलं. रांजणावर ‘पाणी’ लिहिलेलं होतं. तिथूनच ओरडलं, "गुर्जी, इथंबी प हाये!"