खिशातलं पुस्तक

(दृश्य: ॲप्रनचा खिसा. त्यातून डोकावणारी, कोपरे दुमडलेली औषधांच्या डोसांची पुस्तिका.)

रात्रीचे अडीच. ८० वर्षांच्या आजी, वजन ५० किलो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. इंजेक्शन ठरलंय एनॉक्सापॅरिन, रक्त गोठू न देणारं: किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. रेसिडेंट डॉक्टरला हा डोस झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. तरीही हात खिशाकडे जातो.

डॉक्टरने पुस्तक उघडलं की नातेवाइकांच्या कपाळावर आठी पडते. ‘याला येत नाही वाटतं!’ पण जो डोस मुळात माहीतच नाही, तो सहसा शोधूनच लिहिला जातो. दगा देतो तो पाठ झालेला आकडा.

(दृश्य: लॅबचा रिपोर्ट. पेन्सिलीने केलेला हिशेब.)

आजींचं क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून बाहेर टाकायचा स्नायूंचा टाकाऊ पदार्थ, १.४. जरासंच वाढलेलं, असं वाटतं. आता कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ चं सूत्र लावू. १४० मधून वय वजा, गुणिले वजन. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनीनने भागायचं, आणि पेशंट स्त्री असेल तर ०.८५ ने गुणायचं. मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त साफ करतं याचं उत्तर येतं साधारण २५ मिलिलिटर. मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलंय. रिपोर्टवर ते दिसलं नाही, कारण उतारवयात स्नायू झडतात आणि क्रिएटिनीन तयारच कमी होतं.

पुस्तिकेत एनॉक्सापॅरिनपुढे अर्धी ओळ आहे: हा आकडा ३० च्या खाली असेल तर दिवसातून एकदाच. डोस तोच ५० मिलिग्रॅम, पण १२ ऐवजी २४ तासांनी. पहिल्या हिशेबाने औषध अंगात साठत गेलं असतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढला असता.

(दृश्य: पान अगदी जवळून. मुंगीएवढी अक्षरं.)

ही अक्षरं वाचायला चाळिशीनंतर चष्मा लागतोच. एवढ्याशा जागेत औषधाचं नाव, डोस, मूत्रपिंडासाठीचा बदल, गरोदरपणातला धोका, सगळं कोंबलेलं. संधिवातासाठीच्या मेथोट्रेक्सेटपुढे ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द मात्र नजरेतून सुटू नयेत. ती गोळी चुकून रोज दिली गेली आणि पेशंट दगावले, असं घडलेलं आहे. रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाच थंडावते.

छापील पुस्तिकेचं एक दुखणं आहे: ती छापली त्या दिवशी थांबते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषध नियामकाने, रॅनिटिडिन हे ॲसिडिटीचं औषध बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. त्याआधीच्या आवृत्तीत ते आजही निवांत बसलेलं असेल. म्हणून आधी मुखपृष्ठावरचं साल बघायचं. मोबाइलवरची ॲप्स या बाबतीत सरस, यात वाद नाही. बॅटरी संपेपर्यंत.

(दृश्य: समासातली निळ्या शाईतली टिपणं.)

पण वापरलेल्या पुस्तिकेत छपाईपेक्षा समास वाचण्यासारखे असतात. ‘ॲड्रिनॅलिन १:१००० म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम’ हे इथे दोनदा अधोरेखित केलंय. पॅरासिटामॉलच्या सिरपशेजारी लिहिलंय, ‘बाटली बघ! ५ मिलिलिटरमध्ये किती?’ अक्षर घाईचं आहे, आणि उद्गारचिन्हाने कागद फाटलाय.

वॉर्डमधून सिस्टरची हाक येते. “डॉक्टर, आजींचं इंजेक्शन बारा तासांनीच ना?”

“नाही सिस्टर, चोवीस. चार्टवर बदलतो, थांबा.”