टनामागे चारशे

(दृश्य: दुर्गापूरची खुली खाण, सकाळ. शॉवेल, डंपर.)

चंद्रपूरजवळची दुर्गापूर खाण. इथल्या कोळशाला फार लांब जावं लागत नाही. शेजारीच महानिर्मितीचं 2920 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे.

(दृश्य: वजनकाटा.)

खाणीतून निघालेली गाडी आधी काट्यावर येते. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं, प्रिंटर करकरतो आणि हातात पावती पडते.

(दृश्य: जुनं बिल, जवळून.)

हे बिल जुनं आहे, नीट पाहा. कोळशाचा दर, रॉयल्टी, आणि खाली उपकर, टनामागे 400 रुपये. कार्बनवर भारताने लावलेली किंमत म्हणायची तर ती हीच. 2010 मध्ये ती 50 रुपये होती. पुढे 100, 200 आणि 2016 मध्ये थेट 400. 2015 च्या पॅरिस हवामान कराराआधी भारताने संयुक्त राष्ट्रांना जो आराखडा दिला, त्यात हा उपकर 50 वरून 200, म्हणजे चौपट केल्याचं आवर्जून नमूद केलं होतं.

टनभर कोळसा जाळला की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वायूच्या टनामागे जेमतेम पावणेतीनशे रुपये. युरोपात उद्योगांना वायू सोडण्याचे परवाने विकत घ्यावे लागतात; तिथे याच टनाचा भाव गेल्या काही वर्षांत बहुतेक काळ साठ युरोंच्या वर राहिला.

(दृश्य: कोळशाची रेक, एकामागून एक वाघिणी.)

हा उपकर स्वच्छ ऊर्जेच्या नावाने लावलेला. 2017-18 पर्यंत त्यातून जमा झाले 86,440 कोटी. स्वच्छ ऊर्जेच्या निधीत पोचले 29,645 कोटी, आणि प्रकल्पांच्या हाती पडले 15,900 कोटींच्या आसपास. जीएसटी आल्यावर तर हा उपकर राज्यांची महसुली तूट भरून काढायला गेला. नाव स्वच्छ ऊर्जेचं, पैसा तिजोरीचा.

(दृश्य: वस्तीतले पत्रे, राख. दहा सेकंद निवेदन नाही.)

22 सप्टेंबर 2025 पासून उपकर बंद झाला. कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्क्यांवर गेला. पण हा कर किमतीवर, टनावर नाही. त्यामुळे स्वस्त, जास्त राखेच्या कोळशाला तो हलकाच पडतो.

1 जानेवारी 2026 पासून युरोपने बाहेरून येणाऱ्या पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंटवर सीमेवरचा कार्बन आकार लागू केला, म्हणजे माल बनवताना सुटलेल्या कार्बनची किंमत. मायदेशी कार्बनची किंमत मोजली असेल, तर ती त्यातून वजा होते. चारशेची ओळ तिथे चालली असती की नाही, हा वाद वेगळा. आता ती दाखवायलाही उरलेली नाही.

दिल्लीने कार्बन क्रेडिटचा बाजार आखलाय: लक्ष्याहून कमी वायू सोडला की क्रेडिट मिळतं, ते विकता येतं. अशी लक्ष्यं ठरवून द्यायच्या उद्योगांत सिमेंट आहे, अॅल्युमिनियम आहे, कागद आहे. कोळशावरची वीजकेंद्रं नाहीत.