भीती सिद्ध करा, आणि सहकार्यही दाखवा

घरगुती हिंसाचाराचे दावे कौटुंबिक न्यायालयात कसे चालतात, या आजच्या विषयाची सुरुवात मी एका विसंगतीपासून करतो. घरात वर्षानुवर्षे मार आणि धाक सोसलेली स्त्री जेव्हा संरक्षणाचा आदेश मागायला येते, तेव्हा तिला विचारले जाते की, एवढी भीती होती तर तुम्ही त्या घरात राहिलात कशा, मुलांना घेऊन आधीच बाहेर का पडला नाहीत? पुढे त्याच स्त्रीचा मुलांच्या ताब्याचा अर्ज सुनावणीला येतो आणि प्रश्न नेमका उलटा होतो: मुलांना वडिलांना भेटू देण्यात तुम्हाला अडचण काय आहे? पहिल्या ठिकाणी तिने भीती सिद्ध करायची असते, दुसऱ्या ठिकाणी भीती बाजूला ठेवून सहकार्य दाखवायचे असते. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत, ही गोष्ट बहुधा कोणाच्याच टिपणात नोंदली जात नाही. (पीडितांमध्ये पुरुषही असतात आणि पुढचे पुष्कळसे त्यांनाही लागू पडते, मात्र ज्या कायद्यांविषयी बोलणार आहे, ते प्रामुख्याने स्त्रियांच्या अनुभवातून घडले, म्हणून माझी भाषाही तशी राहील.)

ही विसंगती न्यायाधीशांच्या दुष्टपणातून येत नाही. ती कौटुंबिक न्यायालयाच्या मूळ कल्पनेतच आहे. नवरा-बायकोचे भांडण फौजदारी खटल्यासारखे चालू नये, दोघांना समोरासमोर बसवून, समुपदेशकाच्या मदतीने, शक्यतो समेटाने मिटावे, या चांगल्या हेतूने ही न्यायालये निघाली. भारतातला 1984 चा कौटुंबिक न्यायालय कायदा पाहा. त्याच्या कलम 9 नुसार, प्रकरणाच्या स्वरूपाशी सुसंगत असेल तेथे, तडजोडीचा प्रयत्न प्रथम करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. कलम 13 नुसार पक्षकाराला वकील नेण्याचा हक्क नाही. न्यायालयाने परवानगी दिली तरच वकील उभा राहतो. दोन्ही पक्ष सारख्या ताकदीचे असतील, तर ही रचना शहाणपणाची आहे. पण एक पक्ष दुसऱ्याच्या नजरेच्या इशाऱ्यावर गप्प होत असेल, तर ‘दोघे बसून बोला’ या सल्ल्याचा अर्थ ‘त्याच्यासमोर बसून बोला’ एवढाच उरतो. अशा बैठकीत झालेल्या तडजोडीवर दोन सह्या असतात, पण तिच्यात मत एकाचेच असते. स्त्रियांवरील आणि घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या, युरोप परिषदेच्या 2011 च्या इस्तंबूल करारात कलम 48 आले ते यासाठीच: या प्रकारच्या हिंसाचारात मध्यस्थी किंवा समेटाची सक्ती करता येणार नाही, अशी तरतूद करारात सामील झालेल्या देशांनी करावी, असे ते कलम सांगते.

दुसरी अडचण हिंसा ओळखण्याची आहे. न्यायालयाला घटना लागते: तारीख, वेळ, जखम, वैद्यकीय दाखला, पोलिसांतली नोंद. पण बहुतेक घरांतली हिंसा ही सुटी घटना नसते, ती राजवट असते. पगाराचे कार्ड कोणाकडे, फोन कोण तपासणार, माहेरी कधी जायचे, दार किती वाजता बंद होणार, हे सगळे एकानेच ठरवायचे; मग हात उगारण्याची वेळ वर्षातून एकदाच आली तरी पुरते. इव्हान स्टार्क या अभ्यासकाने 2007 मध्ये याची सविस्तर मांडणी ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’, म्हणजे धाकाखालचे नियंत्रण, या नावाने केली आणि इंग्लंड-वेल्सने 2015 मध्ये त्याला स्वतंत्र गुन्हा ठरवले. भारताच्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तर त्याआधीच शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारांना हिंसा म्हटले होते. व्याख्या पुरेशी रुंद आहे. अडते ते पुराव्यापाशी. पैसे मागताना रोज होणाऱ्या अपमानाचा दाखला कोणत्या रुग्णालयातून आणायचा?

त्यात साक्ष देणाऱ्याची मनःस्थिती आड येते. दीर्घकाळ धास्तीत जगलेल्या माणसाला घटना क्रमाने आठवत नाहीत. एखादा वास, एखादा आवाज स्पष्ट आठवतो आणि महिना मात्र चुकतो. शपथपत्रातला महिना आणि उलटतपासणीतला महिना जुळला नाही की ‘विसंगत जबाब’ म्हणून बोट ठेवले जाते. ती रडली तर अस्थिर ठरते आणि रडली नाही तर पढवलेली वाटते. समोरचा माणूस मात्र इस्त्रीच्या शर्टात शांतपणे, नम्रपणे बोलत असतो, कारण त्या खोलीत घाबरण्यासारखे त्याच्यासाठी काहीच नसते. शांत माणूस खरा आणि थरथरणारा माणूस संशयास्पद, ही आपली नेहमीची समजूत अशा दाव्यांत सर्वांत जास्त दगा देते.

आता मुलांकडे येतो, कारण खरा पेच तिथे आहे आणि तिथेच मला अधिक वेळ थांबायचे आहे. मुलाचे दोन्ही पालकांशी नाते टिकावे हे तत्त्व कोणीही नाकारणार नाही. प्रश्न असा की, हे तत्त्व गृहीतक झाले की काय होते? ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये आपल्या कौटुंबिक कायद्यात दोन बदल केले. पालकत्वाची जबाबदारी दोघांची समान असावी, हे गृहीतक त्यात आले. शिवाय कोणता पालक दुसऱ्याशी मुलाचे नाते जोपासायला राजी आहे, हेही न्यायालयाने पाहावे असे ठरले. गृहीतकाला हिंसाचाराचा अपवाद कायद्यातच होता. पण दुसऱ्या बदलातल्या कसोटीमुळे असे झाले की, हिंसेची तक्रार करणारी आई ‘असहकारी पालक’ दिसण्याच्या भीतीने गप्प बसू लागली. तिचा वकीलच तिला म्हणे, हा मुद्दा काढू नका, उलटेल. ही कसोटी 2012 मध्ये काढून टाकावी लागली आणि समान जबाबदारीचे गृहीतक तर 2024 च्या मे महिन्यापासून रद्द झाले. ही चूक दुरुस्त व्हायला अठरा वर्षे लागली. तेवढ्यात एका मुलाचे सगळे बालपण संपते.

याच घोळात ‘पालकदुरावा’ नावाचा सिद्धांत शिरला. रिचर्ड गार्डनर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1985 मध्ये तो मांडला: मूल एका पालकाला नाकारत असेल तर दुसऱ्याने त्याचे कान भरले असावेत. कान भरणारे पालक असतात, हे मान्यच आहे. परंतु मूल वडिलांकडे जायला नकार देते याचे एक साधे कारण असे असू शकते की, त्याने स्वयंपाकघराच्या दाराआडून काही पाहिलेले असते. सिद्धांताने हे साधे कारण शेवटी ढकलले आणि आईची शिकवण पहिल्यांदा धरली. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या विकारसूचीत या ‘विकारा’ला जागा मिळाली नाही. स्त्रियांवरील हिंसाचाराविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अल्सालेम यांनी 2023 मध्ये मानवी हक्क परिषदेला दिलेल्या अहवालात, देशांनी कौटुंबिक दाव्यांत या संकल्पनेचा वापर बंद करावा, अशी शिफारस केली. तरीही शब्द बदलून तोच युक्तिवाद ऐकू येतो. आई ‘अतिचिंता करणारी’ ठरते, मूल ‘प्रभावाखाली’ असते.

भारतीय कायद्यात याला एक उपयोगी उतारा आहे. 2005 च्या कायद्याचे कलम 21 दंडाधिकाऱ्याला मुलांचा तात्पुरता ताबा देण्याचा अधिकार देतेच, शिवाय प्रतिवादीची भेट मुलाच्या हिताला बाधक वाटल्यास त्याने ती नाकारलीच पाहिजे, असेही सांगते. कलम 26 मुळे या कायद्यातले संरक्षण, निवास, पोटगी, ताबा हे दिलासे कौटुंबिक न्यायालयातही मागता येतात, म्हणजे एकच स्त्री दोन न्यायालयांत दोन कहाण्या सांगत फिरायला नको. पण अनेकदा हा जोड अर्जात घेतलाच जात नाही. मग संरक्षणाची फाइल एका इमारतीत आणि ताब्याची दुसऱ्या इमारतीत राहते, आणि दुसरीतल्या न्यायाधीशांना पहिलीतला आदेश ठाऊकही नसतो.

प्रक्रियेविषयी थोडे बोलतो, कारण नाते तुटल्यावर हिंसा संपते हा समज खोटा आहे. ती कागदावर सरकते. तारीख घ्यायची, उत्तर दाखल करायचे नाही, उत्पन्न लपवायचे, एक अर्ज फेटाळला की किंचित बदलून दुसरा टाकायचा. दर तारखेला तिला रजा, भाडे, मुलांची सोय आणि त्याचे तोंड पाहणे, एवढे सगळे पडते, आणि तिने कंटाळून सोडून द्यावे हाच पलीकडचा हिशोब असतो. दंडाधिकाऱ्याने अर्ज पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे 2005 चा कायदा म्हणतो. ‘प्रयत्न’ या एका शब्दात किती वर्षे मावतात, हे कज्जे लढलेल्यांना सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे, तसेच पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे ठरवले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली की तारखा लांबवण्यातला आर्थिक फायदा संपतो, म्हणून मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो.

समोरासमोर येण्याबाबत मात्र आपण डगमगलो. 2017 मध्ये संथिनी विरुद्ध विजया वेंकटेश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले की, तडजोडीचा प्रयत्न फसल्यावर आणि दोघांची संमती असेल तरच कौटुंबिक दाव्यात व्हिडिओद्वारे सुनावणीचा विचार व्हावा. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी वेगळे मत नोंदवले. प्रत्यक्ष हजेरीचा हट्ट हा न्याय नाकारण्यासारखा ठरू शकतो, असा त्यांचा रोख होता. दोघांची संमती म्हणजे, तिला त्याच्यासमोर यावे लागेल की नाही हे पुन्हा त्यानेच ठरवायचे. इंग्लंडमध्ये 2021 च्या कायद्याने ठराविक परिस्थितीत, अत्याचाराचा आरोप असलेल्या पक्षकाराने पीडितेची स्वतः उलटतपासणी घेण्यावर बंदी घातली, आणि ती घ्यायला न्यायालय वकील नेमू शकते. त्यापूर्वी वकील नसलेला नवरा तिला साक्षीच्या पिंजऱ्यात स्वतः प्रश्न विचारू शकत असे.

शेवटी आदेशातल्या एका ओळीकडे लक्ष वेधतो. ‘प्रतिवादीस महिन्यातून दोनदा मुलांना भेटता येईल’ अशी ती ओळ असते. मूल कोण कोणाच्या हाती देणार, कुठे, किती वाजता, त्या वेळी तिसरे कोणी हजर असेल का, उशीर झाला तर निरोप कोणामार्फत जाईल, यांपैकी काहीही तिच्यात नसते. ज्या दाव्यात हिंसेचा आरोप आहे, तिथे ताब्याच्या निर्णयाआधी आरोपाची शहानिशा व्हावी, आणि ती होईपर्यंतच्या अंतरिम आदेशात हे पाचही तपशील लिहिलेले असावेत, एवढे वकिलांनी मागितले पाहिजे. अस्तित्वात असलेल्या कायद्यांतच ते मागता येते. न लिहिलेले तपशील मुलाला पोहोचवायला आलेल्या बाईला दारात उभे राहून, त्याच माणसाशी, एकटीने ठरवावे लागतात.