दुखण्याची गोळी आणि वैशाखाचं ऊन

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी, शाळेच्या व्हरांड्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मायबहिणींनो, काकाजी, भाऊ,

आज बीपी, शुगर, ताप अशा सगळ्याच औषधांवर बोलायचं ठरलं होतं. पण येताना भर उन्हात बायका पऱ्हाट्या उपटताना दिसल्या, आणि वाटलं, आज एकाच गोळीवर जास्त बोलावं. दुखण्याच्या गोळीवर. दवाखान्यात रोज कानावर येतं, "डॉक्टर, कंबर लय दुखते, येखादी गोयी द्या ना जी." यात खोटं काहीच नाही. दिवसभर वाकलं की कंबर दुखणारच, आणि उद्याची मजुरी बुडवून चालत नाही. म्हणून गोळी घेऊच नका असं मी सांगणार नाही. ती आत जाऊन काय करते, ते मात्र सांगणार आहे.

गोळीला तुमची कंबर कुठं आहे हे माहीत नसतं. ती रक्तात मिसळते आणि अंगभर फिरते. जिथं सूज असते, मार लागलेला असतो, तिथं शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार करतं. त्यानं ठणका वाढतो. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या हे द्रव्य बनणंच थांबवतात. जॉन व्हेन या शास्त्रज्ञानं १९७१ साली अॅस्पिरिनच्या बाबतीत हे दाखवून दिलं, आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्याचा वाटा होता. अडचण अशी की हेच द्रव्य पोटात आतल्या अस्तराची राखण करतं. ते थांबलं की आम्ल अस्तराला खातं, जखम होते, रक्त जातं. शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर एक दिवसही थांबू नका.

पुष्कळांना वाटतं, सुई टोचून घेतली तर पोटाला त्रास नाही. तसं नाही. सुईतलं औषधही रक्तातूनच पोटाच्या अस्तरापर्यंत पोचतं. दुसरी समजूत गॅसच्या गोळीची. ती सोबत घेतली की पोट बरंचसं सांभाळलं जातं, हे खरं. पण किडनीला तिचा काही उपयोग नाही.

आणि आपल्या भागात मला जास्त भीती किडनीचीच वाटते. ओलीत करणाऱ्यांना हे लगेच कळेल. पाटाला पाणी कमी आलं की शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचावं म्हणून आपण दांडाचं तोंड मोठं करतो. शरीरही तेच करतं. वैशाखात घाम गाळून अंगातलं पाणी आटलं की किडनीकडे जाणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. नेमकी त्याच वेळी गोळी घेतली की दांडाचं तोंड बुजतं. थंडीत, भरपूर पाणी पिऊन घेतलेली एखादी गोळी धडधाकट माणसाला सहसा पचते. तीच गोळी मे महिन्यात, उपाशी, तहानलेल्या माणसाला आडवं करू शकते.

काही वर्षांपूर्वी एक मावशी आल्या. पाय सुजलेले, दोन दिवस लघवी जेमतेम. पदराची गाठ सोडून त्यांनी गोळ्या माझ्या टेबलावर ठेवल्या. बीपीची गोळी, पायाच्या सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी, किराणा दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, शिवाय कागदाच्या पुडीत चार सुट्या पांढऱ्या गोळ्या. आठ दिवस हे सगळं सोबत चाललं होतं, वर पऱ्हाटी उपटणं. बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी हे त्रिकूट किडनीला फार जड जातं. शिवाय दुखण्याच्या गोळीनं बीपी चढतं, ते वेगळंच. मावशींना डायलिसिस लागलं. त्या वाचल्या, पण त्या टेबलावरच्या गोळ्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं की तुम्ही आणखी काय घेता.

हे नुसतं माणसाचं नाही. इथले म्हातारे सांगतील, ढोर मेलं की गिधाडं उतरायची. आता दिसतात का? ढोराला दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिलं जायचं, ते ढोर मेलं की मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जायचं, आणि त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी ते बंद केलं. माणसाची किडनी गिधाडाएवढी नाजूक नाही, पण औषध तेच आहे.

मग दुखलं तर काय घ्यायचं? आधी पॅरासिटामॉल. ते पोटाला आणि किडनीला बरंच सौम्य. पण त्यालाही हद्द आहे. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ५०० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त ८ गोळ्या. दारू पिणाऱ्याला किंवा वजन कमी असलेल्याला याहून बऱ्याच कमी, कारण जास्त झालं की यकृत बिघडतं. सर्दीच्या गोळीतही ते बहुतेक वेळा असतंच, तेही मोजायचं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. हे ऐकून बीपीची गोळी बंद करू नका. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेलं अॅस्पिरिनही मनानं सोडू नका. बंद करायची ती विचारूनच.

मावशींच्या त्या पुडीतल्या सुट्या गोळ्या स्टिरॉइडच्या, म्हणजे सूज जोरात दाबणाऱ्या औषधाच्या, निघाल्या. स्टिरॉइड डॉक्टरच्या हाती जीव वाचवतं. पण पुडीतून महिनोन्‌महिने घेतलं तर चेहरा गोल होतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं सोडतं, म्हणून पुडी एकदम थांबवली तर माणूस कोसळूही शकतो. घेत असाल तर घाबरून फेकू नका, लपवू नका, दाखवा.

घरून गोळ्या आणा म्हणून निरोप दिला होता. आणल्या आहेत ना? पाकिटावर डावीकडे उभी लाल रेघ बघा. ती असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. पाकीट कापून सुट्या दिलेल्या, नाव नसलेल्या गोळ्या ज्यांच्याजवळ आहेत, त्यांनी आधी पुढं या. इथं बसू, एकेक बघू.