बाळंत झाली त्या दिवसापेक्षा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर 'तमिळ साहित्यातली आई आणि मुलगा' असं छापलंय. आता पडद्यावरच्या रडणाऱ्या आया येणार, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी खुशाल चहाला जावं. तमिळ म्हटलं की लोक मला सिनेमाचंच विचारतात. मला इडली बरी जमते, सिनेमा नाही.

चेन्नईतल्या मैलापूरला मी भाड्याने राहायचो. घरमालकिणीला सगळे 'मामी' म्हणत. मुलगा कोइमतूरला इंजिनिअरिंगला. सुट्टीत आला की मामी विचारायच्या, 'साप्पिट्टियाप्पा?' म्हणजे, जेवलास का रे बाबा? मुलाला चक्क 'अप्पा'! आपणही पोराला 'बाबा' म्हणतोच. लेकराला बाप करून टाकायची खोड दोन्हीकडे आहे. असो. एकदा शेजारीण सांगत आली, 'तुमचा मुलगा नापास झाला म्हणे.' मामी डवरा-टंबलरमध्ये, म्हणजे तिकडच्या वाटी-पेल्यात, कॉफी वरखाली करत होत्या. धार तुटली नाही. बाईला कॉफी पाजून वाटेला लावलं आणि रात्रीच्या गाडीने थेट कोइमतूर! कॉलेजचा नोटीसबोर्ड स्वतः वाचला, परत आल्या. 'पास आहे.' बस. पण पुढचा आठवडाभर रोज पायसम, म्हणजे खीर. तेव्हा मला शुगर नव्हती, म्हणून...

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं? अध्यक्षांनी जिजाऊंशी तुलना करा म्हणून बजावलं होतं, ती आता राहिली.

तर 'पुरनानूरु'. संगमकाळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, ४०० तमिळ कविता. तमिळ पंडित उ. वे. स्वामिनाथ अय्यरांनी ताडपत्रांवरून जुळवून १८९४ साली छापल्या. २७८वी काक्कैपाडिनियार नच्चेळ्ळैयार या बाईंची. शिरा वर आलेली म्हातारी. लोक म्हणतात, तुझ्या मुलाने रणात पाठ दाखवली. ती म्हणते, तसं असेल तर त्याला पाजलेले हे स्तन कापून टाकीन. तलवार घेऊन जाते, एकेक प्रेत उलथून बघते. मुलगा सापडतो, तुकडे झालेला. आणि तिला तो जन्मला त्या दिवसापेक्षा मोठा आनंद होतो.

आता तिरुक्कुरळ, म्हणजे दोन-दोन ओळींच्या नीतिवचनांचा तमिळ ग्रंथ. त्यातलं ६९वं वचन, म्हणजे कुरळ. मुलगा 'सान्रोन' आहे हे ऐकून आईला तो जन्मला त्या वेळेपेक्षा मोठा आनंद होतो. माप तेच, फक्त प्रेत गेलं. 'सान्रोन' म्हणजे गुणी, थोर. पण 'पुरनानूरु'च्या ३१२व्या कवितेत त्याच शब्दाला लढवय्याचा वास आहे. शब्द रणातून घरात आला, असं माझं म्हणणं. आणि दोघींना बातमी कळते ती लोकांच्या तोंडून. पहिली जाऊन खात्री करते, दुसरी नाही. चांगली बातमी कोण तपासतं?

हो हो, संपवतो. 'पुरनानूरु'तली ८६वी तेवढी ऐका, कावरपेण्डू या कवयित्रीची. कुणी घराच्या खांबाला टेकून विचारतं, तुझा मुलगा कुठाय? ती म्हणते, कुठाय ते मला नाही ठाऊक. वाघ राहून गेलेल्या गुहेसारखं हे पोट इथं आहे. तो असेल रणांगणावर कुठेतरी.